एका सर्व्हरचे तीन पत्ते

एका जिवाचे तीन पत्ते असावेत की नसावेत, या विषयावर माझं मत आता पक्कं झालं आहे. ते मी घरात बोलत नाही, कारण घरात माझ्या मताला किंमत नाही. मिलमध्येही बोलत नाही, कारण तिथे बोललं की आणखी एखादं काम गळ्यात पडतं. म्हणून इथे सांगतो.

मी सुरतेत बमरोलीच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये हेडक्लार्क आहे. चार वर्षांपूर्वी ऑफिसचा प्रिंटर बंद पडला होता, तेव्हा मी त्याच्या पोटातून स्टेपलरची एक पिन काढली होती. त्या दिवसापासून रघुनाथभाईंना कॉम्प्युटरमधलं कळतं अशी बातमी मिलभर झाली. ती मी खोडून काढली नाही, उलट कोणी विचारलं तर जरा गंभीर चेहरा करून 'बघावं लागेल' असं म्हणायला लागलो. पुढचं सगळं त्या पिनेमुळे झालं.

गणपती उठले त्या आठवड्यात शेठनी मीटिंग बोलावली. कलर किचनमध्ये, म्हणजे रंग कालवायच्या खोलीत, नवं मशीन आलं होतं. त्याला फक्त शेडचा, म्हणजे रंगछटेचा, नंबर सांगायचा, की ते आपल्या नळ्यांतून थेंब मोजून रंग काढून देतं. मात्र कुठला रंग किती, ही रेसिपी त्याला कळली पाहिजे. आमच्या सगळ्या रेसिप्या होत्या ऑफिसातल्या सर्व्हरवर, मोजून सहाशे चौदा. त्या मी स्वतः दोन वर्षं बसून भरल्या होत्या. कलर मास्तर निंबा तोंडाने सांगायचा, मी टाइप करायचो.

आता हा निंबा कोण, तर माझा सख्खा मेहुणा, आमच्या मालतीचा थोरला भाऊ. पारोळ्याकडून सुरतेला आला त्याला सव्वीस वर्षं झाली आणि या सव्वीस वर्षांत त्याने एकही आकडा कागदावर लिहिला नव्हता. सगळं डोक्यात. नवं मशीन आणि हा सर्व्हर एकमेकांशी बोलत नव्हते, एवढीच अडचण होती.

शेठ म्हणाले, "दशेरा सुधी आपणी रेसिपी मशीनमां आवी जाय तो सारूं. नहीं तो कंपनीनी तैयार शेड चलावशुं."

म्हणजे मुदत दसऱ्यापर्यंत, नाहीतर मशीनच्या कंपनीच्याच तयार शेड चालणार. "आणि निंबा?" मी विचारलं.

"फोल्डिंगमां मूकी दईशुं."

फोल्डिंग म्हणजे कापडाच्या घड्या घालायचं खातं. तिथे नवी पोरं लागतात, नाहीतर म्हातारी माणसं बसवतात. निंबा माझ्या बाजूलाच उभा होता. तो रंगाने कायमची निळी झालेली आपली नखं बघत राहिला. शेठनी विचारलं, हे कोण करणार? पूर्वीचा कॉम्प्युटरवाला पुण्याला निघून गेला होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला, "त्यात काय एवढं."

घरी आल्यावर मालतीने सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "दादाचं नीट करा. तो घड्या घालत बसला तर भाऊबीजेला मी त्याला कुठल्या तोंडाने ओवाळू?" आणि पुढची भाकरी जरा जास्तच जोरात थापली.

दुसऱ्या दिवशी मशीनच्या कंपनीत फोन लावला. तिथे वैशाली मॅडम म्हणून इंजिनियर आहेत, माहेर अमरावतीकडचं. त्यांनी मला पाच मिनिटांत रोगाचं निदान सांगितलं. "सर, तुमचा सर्व्हर एका सबनेटमध्ये आहे आन् आमचं मशीन दुसऱ्या. सबनेट म्हणजे गल्ली समजा. एका गल्लीतले एकमेकांशी बोलतात, दुसऱ्या गल्लीतल्याले ओळखत नाहीत."

"मग तुमच्या मशीनला आमच्या गल्लीत आणा की."

"आमच्या मशीनचा पत्ता बदलता येत नाही. वॉरंटी जाते."

"सर्व्हर तिकडे नेतो."

"मग तुमचं ऑफिस बंद पडन." मग त्यांनी उपाय सांगितला. सर्व्हर एकच राहील, तार एकच राहील, त्याच तारेवर त्याला आणखी पत्ते चढवायचे. घर एक, पाट्या वेगळ्या. याला म्हणतात व्हर्च्युअल आयपी. ऑफिसच्या गल्लीतला त्याचा पत्ता होताच. मशीनच्या गल्लीतला एक हवा, आणि लॅबमध्ये शेड तपासायचं जुनं यंत्र आहे, ते पूर्वीच्या माणसाने तिसऱ्याच गल्लीत बसवलं होतं, तिथलाही एक हवा. एकूण तीन.

मला हे लगेच पटलं. आमच्यातल्या कुणालाही पटेल. निंबाचं रेशनकार्ड पारोळ्याचं, मतदान बमरोलीचं आणि गॅसचं बुक माझ्या घराच्या पत्त्यावर. माणूस एकच, आणि तिन्ही ठिकाणी त्याला हाक मारली तर तो ओ देतो. हे आम्ही सव्वीस वर्षं करतोय, आम्हाला कोणी व्हर्च्युअल म्हटलं नाही.

काम सोपं होतं, पण मिलमध्ये सोपं काम थेट करता येत नाही. सर्व्हरची खोली स्टोअरच्या ताब्यात आहे. स्टोअरकीपर विठ्ठलभाऊ म्हणजे नियमाचा माणूस. त्यांचा नियम असा, की मिलच्या कुठल्याही मशीनला कुठलीही नवी वस्तू लागणार असेल तर आधी तिची आवक नोंद झाली पाहिजे.

"काय बसवणार?"

"दोन पत्ते."

"चलान कुठंय?"

"चलान नाही. ते मी तयार करणार आहे."

विठ्ठलभाऊंनी रजिस्टर उघडलं, लिहिलं, 'पत्ते, नग दोन,' आणि पेन थांबवलं. "वजन?"

मी म्हटलं, वजन नसतं. ते म्हणाले, वजनाचा रकाना रिकामा सोडता येत नाही. मी शून्य लिहायला सांगितलं. त्यांनी ते लिहिलं, फॉर्म वर पाठवला आणि तीन दिवसांनी तो परत आला, वरच्या साहेबांचा शेरा मारून: शून्य वजनाची वस्तू आवक होऊ शकत नाही. शेवटी आम्ही दोघांनी मिळून एक ग्रॅम असं ठरवलं. दोन नग, एकूण वजन एक ग्रॅम. मग किल्ली मिळाली. मी विठ्ठलभाऊंना दोष देत नाही. उद्या ते पत्ते कोणी फाटकातून बाहेर नेले असते तर जबाबदार तेच धरले गेले असते.

आता पत्ता द्यायचा कुठला, हा प्रश्न. मशीनच्या गल्लीतला पत्ता मॅडमनी ठरवून दिला होता. लॅबच्या गल्लीतला मला निवडायचा होता आणि मला सात नंबर पसंत पडला, कारण माझा जन्म सातचा. पण त्या गल्लीत सात नंबर फाटकावरच्या अंगठ्याच्या मशीनकडे होता, ज्यावर मजूर हजेरी लावतात. मी विचारात पडलो. संध्याकाळी सोसायटीच्या बाकड्यावर वाल्मिकअण्णा भेटले. ते टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, माझ्या समोरच्या रो-हाउसात राहतात आणि तारेतून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे ते जाणकार आहेत.

"अरे, एका नंबरवर दोन यंत्रं चालतात की," अण्णा म्हणाले. "आमच्या वेळी पॅरलल लाइन असायची. खाली एक फोन, माडीवर एक फोन, नंबर तोच. तीस वर्षं मी हेच जोडत आलोय. बिनधास्त दे."

मी बिनधास्त दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला अंगठ्याच्या मशीनने मान टाकली. दोनशे माणसं फाटकाबाहेर रांगेत, अंगठा पुसून पुसून पुन्हा लावतायत आणि मशीन काही केल्या कोणाला ओळखत नाही. सर्व्हर आणि ते मशीन, दोघंही सात नंबर आपलाच म्हणून भांडत होते. तासाभराने मला कारण समजलं. सर्व्हरचा पत्ता काढला, वीस नंबर दिला, रांग हलली. मजुरांपैकी एक जण जाताना म्हणाला, साहेब, आज मला पहिल्यांदा वाटलं की मी मी नाहीच. मी त्याची क्षमा मागितली. वाल्मिकअण्णांना संध्याकाळी सांगितलं तर ते म्हणाले, तू तार उलटी जोडली असशील.

यानंतर मी सल्ला घ्यायचं सोडलं पाहिजे होतं. पण आमच्या सोसायटीचे चेअरमन बाबुराव हे मागायची वाट बघत नाहीत. ते मूळचे परभणीकडचे, इच्छापोरला बांधकामाचे ठेके घेतात. त्यांनी माझ्याकडून सगळी हकीकत काढून घेतली आणि विटकरीच्या तुकड्याने जमिनीवर नकाशाच काढला. "हे बघा, घर तीन गल्ल्यांना लागून असलं तर तीन फाटकं लागतात. एका गल्लीचा माणूस दुसऱ्या गल्लीच्या फाटकातून कशाला जाईल? द्या तिन्ही पत्त्यांना बाहेर जायचा दरवाजा."

सर्व्हरच्या भाषेत त्या दरवाजाला गेटवे म्हणतात, आणि खरोखरच तिथे गेटवे लिहायची जागा होती. मी तिन्हीकडे लिहिला. बाबुरावांचं बोलणं इतकं रीतसर होतं की शंका घ्यायला जागाच नव्हती. झालं असं, की सर्व्हरला बाहेर जायचं असलं की तो तीन दरवाजांपैकी कुठल्याही दरवाजाने निघायचा, आणि त्यातले दोन दरवाजे भिंतीत उघडत होते. ऑफिसमधून मालाची बिलं निघेनात. साड्या भरलेले चार ट्रक फाटकात उभे, ड्रायव्हर खाली उतरून माझ्या टेबलाभोवती उभे. एकाने तर माझ्या डब्यातलं लोणचं मागून घेतलं. शेठ आतून दोनदा येऊन बघून गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं.

त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटलं. वय चोपन्न, डोक्यावरचे केस गेलेले, आणि लोणचं मागणाऱ्या ड्रायव्हरसमोर मी एखाद्या नापास पोरासारखा बसलो होतो. जेवणाच्या सुट्टीत निंबा आला, समोर स्टूल ओढून बसला. तो माझ्याशी अहिराणीतच बोलतो.

"दाजी," तो म्हणाला, "जमनार नही तर ऱ्हाऊ द्या. मी घड्या घालसू."

त्याने हे इतक्या साधेपणाने म्हटलं की मी डबा तसाच बंद केला. मी म्हटलं, "तू गप बस. दसऱ्याच्या आत होतं सगळं."

आणि मग मी शहाण्यासारखं एकच केलं. मान खाली घालून वैशाली मॅडमना फोन लावला आणि अण्णा, बाबुराव, सात नंबर, तीन फाटकं, सगळं कबूल केलं. त्या बहुतेक फोन लांब धरून हसत असाव्यात. मग म्हणाल्या, "दरवाजा एकच ठेवायचा सर, ऑफिसच्या गल्लीचा. बाकीच्या दोन गल्ल्यांत फक्त पाटी." त्यांनी मला दोन ओळी सांगितल्या, मी त्या डायरीत उतरवल्या आणि सर्व्हरवर टाइप केल्या. मशीनच्या पडद्यावर आमच्या रेसिप्यांची यादी धडाधड उतरली. एकपासून सहाशे चौदापर्यंत. माझा जीव भांड्यात पडला.

"एक लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या. "हे पत्ते सध्या तोंडी आहेत. सर्व्हर बंद करून चालू केला की तो विसरून जाईल. ते फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे कायम राहतील."

मी 'हो हो' म्हटलं. फाइलमध्ये लिहिलं नाही. कारण सांगतो. एकदा चालू झालेल्या गोष्टीला हात लावायची माझी हिंमत उरली नव्हती. आणि तो सर्व्हर चार वर्षांत एकदाही बंद झाला नव्हता, त्याला बॅटरी आहे, कुलूप आहे, विठ्ठलभाऊ आहेत. त्याला कोण बंद करणार? मी मात्र त्या दोन ओळी रोज घोकत राहिलो. आंघोळ करताना, चालताना, निंबा घरी जेवायला आला की त्याच्यासमोर जेवतानाही. मालतीला वाटायचं मी कुठला तरी मंत्र घेतलाय.

दसरा उजाडला. मिलमध्ये दसऱ्याला सगळी मशीनं धुऊन पुसून त्यांची पूजा होते. दहा वाजता पूजा, मग शेठच्या हस्ते नव्या मशीनचा मुहूर्त, तो अकरा वीसपर्यंतच. मी धोतर नाही पण इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. कलर किचनमध्ये झेंडूचा वास, मशीनला हार, शेठच्या हातात नारळ. नारळ फुटला. शेठनी बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. सर्व्हर सापडत नाही.

मी धावत सर्व्हरच्या खोलीत गेलो. आजवर कोणी कधी न पूजलेल्या सर्व्हरला यंदा झेंडूचा हार होता. त्याच्या जाळीवर हळद-कुंकवाची पाच बोटं ओढलेली, डोक्यावर आपट्याची पानं. आणि तो नुकताच चालू होत होता. दारात निंबा उभा होता, हातात पूजेचं ताट.

"तू याला बंद केलं होतंस?"

"चालू मशीनले कोनी हळद-कुकू लावस का, दाजी?" निंबा म्हणाला. "म्हनीसन मीच बंद करं. विठ्ठलभाऊनी किल्ली दिधी. पूजा व्हयनी आनि परत चालू करं."

 त्याचं बरोबर होतं. माझ्या हातात किल्ली असती तर मीही बंदच केलं असतं. चालत्या यंत्राची पूजा आमच्याकडे कोणी केलेली मी पाहिली नाही.

शेठ मागून आले, त्यांच्यामागे अर्धी मिल. वैशाली मॅडमचा फोन लागत नव्हता, त्यांच्याही घरी दसराच होता. दोन ओळी मला पाठ होत्या, पण शेठ मागे उभे राहिल्याबरोबर डोकं कोरं झालं. डायरी. डायरी घरी होती. मी मालतीला फोन लावला.

"डायरी पूजेत मांडलीय," मालती म्हणाली. "तुमचं हत्यार म्हणजे तीच ना. पेनही ठेवलंय. उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायची नाही."

"निंबाचं काम अडलंय गं."

 "थांबा, आत्ता उरकते उत्तरपूजा. दहा मिनिटं द्या."

अकराला पाच मिनिटं होती. शेठ म्हणाले, "रघुनाथभाई, शुं थयुं?"

प्रिंटरच्या पिनेपासून सांभाळलेली सगळी अब्रू मी त्या वेळी सोडून दिली. म्हटलं, "शेठ, चूक निंबाची नाही. मला फाइलमध्ये लिहायला सांगितलं होतं, मी लिहिलं नाही. आणि आता मला आकडे आठवत नाहीयेत."

शेठ काही बोलायच्या आत मागून निंबा सुरू झाला. हातात ताट तसंच. "दहा, वीस, पाच, शंभर. मंग टेढी रेघ, चोवीस." त्याने दुसरी ओळही सांगितली, लॅबच्या गल्लीची, वीस नंबरसकट. मी मान वळवून बघतच राहिलो.

"जेवतांना बी तुमी हाईच म्हनतस," तो म्हणाला. "पाठ व्हई गयं."

तो सांगत गेला, मी टाइप करत गेलो, दोन वर्षं आम्ही जसं करत आलो तसंच. यादी पडद्यावर आली. शेठनी राणी रंग निवडला. नळ्यांतून थेंब पडले, कापडाचा तुकडा रंगवून वाळवून आणला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खिशातून रुमाल काढून घाम पुसला. अकरा दहा झाले होते. निंबा वाचला, असं मला वाटलं.

तेवढ्यात शेठ तुकडा हातात धरून हळूच म्हणाले, "सरस. हवे तो मशीन बधुं जाते करशे."

आता मशीन सगळं स्वतःच करेल.  मी तीन आठवडे खपून, दोनशे माणसं रांगेत उभी करून, निंबाच्या डोक्यातलं शेवटचं अक्षर त्या मशीनच्या हातात नेऊन ठेवलं होतं. आता निंबा कशाला लागतो? मालतीला काय सांगू, हे मी मनात जुळवायला लागलो.

निंबाने तुकडा शेठच्या हातातून घेतला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरला.

"हाऊ मन्हा रंग नही," तो म्हणाला.

मला राग आला. म्हटलं, "आकडे तूच सांगितलेले आहेत. एकही चुकलेला नाही."

"आकडा बराबर शे. पानी टँकरनं शे."

शेठनी चष्मा लावला. जुन्या मालाचा तुकडा मागवून शेजारी धरला. फरक होता; टँकरचं पाणी जड, त्याने रंग फिरतो. नवा तुकडा जरा जांभळट, मळल्यासारखा दिसत होता. निंबाने बादलीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, फळीवरच्या डब्यातून चिमूटभर काहीतरी रंगात टाकलं, ढवळलं. दुसरा तुकडा वाळून आला तो जुन्याशेजारी ठेवल्यावर कुठला कुठला ते कळेना.

"आ चपटी केटली?" ही चिमूट किती, असं शेठनी विचारलं.

"पाणी जोईने, शेठ," निंबा म्हणाला, म्हणजे पाणी बघून.

शेठनी दोन्ही तुकडे पुन्हा बघितले. फोल्डिंगचं नाव त्यांनी काढलं नाही. जाता जाता मला म्हणाले, "रघुनाथभाई, ए चपटी पण कम्प्युटरमां नाखी दो."

घरी जाताना मी आणि निंबा चालतच निघालो.  दोन वर्षं मी त्याच्यासमोर बसून टाइप केलं, डोळ्यांचा नंबर वाढला, आणि याने चिमटीचं नावसुद्धा काढलं नाही. शेवटी विचारलंच.

निंबा रस्त्याकडे बघत म्हणाला, "सर्वं सांगी टाकं तर मंग मी काय करू, दाजी?"

 घरी मालतीने दोघांना ओवाळलं. त्याला आधी.

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हरचे दोन्ही पत्ते फाइलमध्ये लिहून टाकले. मग शेठच्या हुकुमाप्रमाणे रेसिप्यांच्या यादीत 'चिमूट' नावाचा नवा रकाना उघडला आणि निंबाला बोलावून विचारलं, यात किती लिहू? त्याने सांगितलं, आणि मी ते शुद्ध मराठीत करून भरायला बसलो. पूर्ण व्हायला चार दिवस लागले. शेठनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि खाली सही केली. सहाशे चौदा रेसिप्या, आणि प्रत्येकीपुढे एकच मजकूर: निंबाला विचारणे.